आधी साहेबांचं भाषण लिहायचं, मग साहेबांवर लिहायचं: विल्यम सॅफायर हे प्रकरण नक्की काय होतं?

निवडणुकीच्या दिवसांत दोन प्रश्न हमखास निघतात. एक म्हणजे साहेबांचं भाषण लिहून देतं कोण, आणि आता तर त्यात 'एआयने लिहिलंय वाटतं' हीपण भर पडलीये. दुसरा प्रश्न टीव्हीवरच्या चर्चा बघताना पडतो, की अहो हा माणूस परवापर्यंत अमुक पक्षाचं काम बघत होता ना, मग आज 'राजकीय विश्लेषक' म्हणून कसा काय बसलाय आणि आपण ह्याचं का ऐकायचं. आपल्याकडे पेपरातून राजकारणात गेलेले बरेच सापडतात, कुमार केतकर, भारतकुमार राऊत हे संपादक राज्यसभेत गेलेच की. पण उलट्या रस्त्याने आलेले कमी. सुधींद्र कुलकर्णी हे एक नाव पटकन आठवतं, वाजपेयींच्या पंतप्रधान कार्यालयात होते आणि नंतर इंग्रजी पेपरात सदर लिहायचे.

अमेरिकेत ह्या उलट्या रस्त्यावरचा सगळ्यात गाजलेला माणूस म्हणजे विल्यम सॅफायर. रिपब्लिकन पक्षाचे अध्यक्ष रिचर्ड निक्सन ह्यांचा भाषणलेखक, मग तीस वर्षांहून जास्त काळ न्यूयॉर्क टाइम्सचा स्तंभलेखक, आणि मधल्या वेळात कादंबऱ्या, आठवणी, राजकीय शब्दकोश, काय वाट्टेल ते. २००९ मध्ये वारला. त्यालाच समोर ठेवून हे दोन्ही प्रश्न सोडवू.

आधी बेसिक: स्पीचरायटर करतो काय

लग्नात नवरी उखाणा घेते तो बऱ्याचदा मावशीने नाहीतर मैत्रिणीने लिहून दिलेला असतो, पण नाव घेते नवरीच, लाजते नवरीच आणि अडखळली तर हसंही तिचंच होतं. स्पीचरायटरचं काम असंच. शब्द त्याचे, तोंड दुसऱ्याचं, टाळ्या दुसऱ्याला. आणि लिहिताना 'मला काय वाटतं' हे बाजूला ठेवून 'ह्या माणसाच्या तोंडी काय शोभेल' एवढंच बघायचं.

व्हाइट हाऊसमध्ये ह्यासाठी पगारी माणूस ठेवायची पद्धत साधारण १९२१ पासूनची. अध्यक्ष हार्डिंगकडे जडसन वेलिव्हर नावाचा माजी पत्रकार होता, तो पहिला मानला जातो. पुढे सॅफायरनेच दोन्ही पक्षांच्या माजी व्हाइट हाऊस भाषणलेखकांचं एक मंडळ काढलं आणि त्याला नाव दिलं जडसन वेलिव्हर सोसायटी. म्हणजे जे लोक आयुष्यभर एकमेकांच्या साहेबांना झोडपणारी भाषणं लिहीत होते ते इथे एका टेबलावर जेवायला बसायचे.

निक्सनकडे तीन मोठे लेखक होते. विरोधकांना सडकून काढायचं असलं की पॅट ब्युकॅनन, उदात्त काहीतरी हवं असलं की रे प्राइस, आणि मधल्या वाटेचं पण चटकदार, लोकांच्या तोंडी बसेल असं हवं असलं की सॅफायर. कुठलं भाषण कोणाकडे द्यायचं ह्यावरूनच निक्सनचा त्या दिवशीचा मूड कळायचा म्हणे.

हा माणूस तिथे पोचला कसा

पत्रकारितेची डिग्री नाही, कसलीच डिग्री नाही. न्यूयॉर्कमध्ये १९२९ चा जन्म, सिरॅक्यूज युनिव्हर्सिटी दोन वर्षांत सोडली (१९७८ मध्ये त्याच युनिव्हर्सिटीने त्याला पदवीदान समारंभाचं भाषण करायला बोलावलं, हा भाग वेगळा), टेक्स मॅक्रेरी नावाच्या स्तंभलेखक-कम-पीआरवाल्याकडे उमेदवारी केली आणि तिथून स्वतः पीआरमध्ये शिरला. पीआर म्हणजे पैसे घेऊन कोणाची तरी प्रतिमा चकाचक ठेवायचा धंदा.

ह्या धंद्यात त्याचा हात किती सरावलेला होता ते बघायचं तर जुलै १९५९ चं मॉस्को बघा. सोकोल्निकी पार्कमध्ये अमेरिकन वस्तूंचं प्रदर्शन भरलेलं, त्यात सामान्य अमेरिकन कुटुंबाचं घर म्हणून एक नमुना घर उभं केलेलं, लोकांना आतून चालत जाता यावं म्हणून मधोमध चिरलेलं, त्यामुळे त्याला गंमतीत 'स्प्लिटनिक' म्हणायचे. सॅफायर हा त्या घर बांधणाऱ्या कंपनीचा पीआर. उपाध्यक्ष निक्सन आणि सोव्हिएत नेता ख्रुश्चेव्ह फिरत फिरत आले, आणि ह्याने खटपट करून दोघांना बरोबर आपल्या क्लायंटच्या घराकडे वळवलं. तिथे स्वयंपाकघरापाशी दोघांची भांडवलशाही विरुद्ध साम्यवाद अशी जी जुंपली ती इतिहासात 'किचन डिबेट' म्हणून गेली. तो प्रसिद्ध फोटोही सॅफायरनेच काढला, एपी वृत्तसंस्थेच्या कॅमेऱ्यावर, आणि त्यात कडेला उभा असलेला माणूस म्हणजे पुढे सोव्हिएत युनियनचा सर्वेसर्वा झालेला ब्रेझनेव्ह. क्लायंटला फुकटची जाहिरात, निक्सनला दमदार नेत्याची प्रतिमा, आणि सॅफायरला निक्सन. १९६० च्या हरलेल्या निवडणुकीत तो निक्सनबरोबर होता, १९६८ च्या जिंकलेल्या निवडणुकीतही होता, आणि मग थेट व्हाइट हाऊस.

कधीच न दिलेलं भाषण

भाषणलेखक म्हणून त्याचं आज सगळ्यात जास्त वाचलं जाणारं लिखाण कोणी बोलूनच दाखवलं नाही. १६ जुलै १९६९ ला अपोलो ११ उडालं. चंद्रावर उतरण्यापेक्षा खरी धाकधूक तिथून परत निघण्याची होती, कारण चांद्रयानाचं वर उचलणारं इंजिन एकच, ते पेटलं नाही तर आर्मस्ट्राँग आणि ऑल्ड्रिन तिथेच अडकणार, वर फिरणारा कॉलिन्स त्यांना घ्यायला खाली येऊ शकत नव्हता. अंतराळवीर फ्रँक बोरमनने व्हाइट हाऊसला सुचवलं की बाबांनो, वाईट काही झालं तर अध्यक्ष काय बोलणार त्याचीही तयारी ठेवा.

मग १८ जुलैला, म्हणजे उतरायच्या दोन दिवस आधी, सॅफायरने निक्सनचा चीफ ऑफ स्टाफ हाल्डमनला एक टाइप केलेला मेमो पाठवला. त्यातलं पहिलं वाक्य मराठीत साधारण असं होईल: चंद्रावर शांततेने शोध घ्यायला गेलेली ही माणसं शांततेत विसावा घ्यायला आता चंद्रावरच राहतील, असं नियतीने ठरवलंय. शांती हाच शब्द दोनदा, पहिल्यांदा मोहिमेसाठी आणि दुसऱ्यांदा मरणासाठी. कुठे 'दुर्दैवी अपघात' नाही, 'तांत्रिक बिघाड' नाही. पुढे लगेच सांगितलंय की ह्या दोघांना माहीत आहे की सुटकेची आशा नाही. आपल्याकडच्या सरकारी शोकसंदेशांची सवय असलेल्याला हे वाचून जरा धक्काच बसतो.

पण मला त्या मेमोत भाषणापेक्षा त्याखालच्या सूचना जास्त महत्त्वाच्या वाटतात. अध्यक्षांनी टीव्हीवर यायच्या आधी दोघांच्या बायकांना फोन करायचा, आणि तिथे शब्द वापरलाय तो 'होऊ घातलेल्या विधवा' अशा अर्थाचा, कारण नवरे तेव्हा जिवंतच असणार होते. भाषण झाल्यावर नासाने संपर्क तोडायचा, आणि मग धर्मगुरूने समुद्रात दफन करताना करतात तसा विधी करायचा. मेमो सरकारी कागदपत्रांत पडून राहिला, १९९९ मध्ये तो लोकांसमोर आला.

मग आता एआय आहे, हवा कशाला स्पीचरायटर?

रास्त प्रश्न. आणि योगायोग बघा, एमआयटीच्या लोकांनी अलीकडे ह्याच मेमोवर एक डीपफेक फिल्म केली, त्यात निक्सन हे भाषण खरंच वाचताना दिसतो, आवाजही त्याचाच वाटतो, फिल्मला २०२१ मध्ये एमी पुरस्कारही मिळाला. चेहरा आणि आवाज मशीनने बनवला, शब्द मात्र १९६९ चेच.

छान छान वाक्यं मशीन पाडेल, पाडतंयच. पण आधी फोन कोणाला, कॅमेरा कधी चालू, संपर्क कधी तोडायचा, हे जो ठरवतो त्याला खुर्चीतला माणूस, लोकांचा मूड आणि उद्याचा पेपर हे तिन्ही एकदम दिसावं लागतं. भाषण लिहिणं हे त्यातलं शेवटचं काम.

ह्याचं दुसरं उदाहरण म्हणजे ऑगस्ट १९७१. तोपर्यंत परदेशी सरकारांना ३५ डॉलर देऊन अमेरिकेकडून एक औंस सोनं मागता यायचं. अमेरिकेकडे तेवढं सोनं उरेना, म्हणून निक्सनने मोजक्या लोकांना कॅम्प डेव्हिडला, म्हणजे अध्यक्षांच्या विश्रामस्थळी, नेऊन ठरवलं की ही सोय बंद. त्या मोजक्या लोकांत अर्थतज्ज्ञांबरोबर सॅफायरही होता, कारण १५ ऑगस्टच्या रविवारी रात्री देशाला हे पटवून कोण देणार. आणि भाषणात शब्द गेला 'तात्पुरती स्थगिती'. ती तात्पुरती स्थगिती आजतागायत चालू आहे. सराफाकडचा सोन्याचा भाव रोज हलतो त्यामागे बरीच कारणं आहेत, पण मुळाशी हा वीकेंड आहे.

नबाबांची भानगड

सॅफायरचं नाव ज्या ओळीला कायमचं चिकटलं ती निक्सनने नाही, उपाध्यक्ष स्पायरो ॲग्न्यूने म्हटली. ११ सप्टेंबर १९७०, सॅन डिएगो, आणि शब्द 'नॅटरिंग नबाब्ज ऑफ निगेटिव्हिझम', म्हणजे सारखं रडगाणं गाणारे नकारात्मक नबाब. हे नबाब म्हणजे आपलेच नवाब बरं का, ईस्ट इंडिया कंपनीत गडगंज होऊन परतलेल्या साहेबांना तिकडे हे नाव पडलेलं. लोकांच्या डोक्यात पक्कं बसलंय की ही शिवी पत्रकारांना होती, पण त्या ओळी वाचल्या तर त्यात पेपरवाल्यांचं नावच नाही, एकूण निराशावादी मंडळींवर तो वार होता. टीव्ही चॅनलवाल्यांना थेट झोडपणारं ॲग्न्यूचं भाषण आदल्या वर्षीचं, आणि ते ब्युकॅननने लिहिलेलं. अनुप्रास जमला की अर्थ कोण तपासतो! ॲग्न्यूला पुढे १९७३ मध्ये टॅक्स चुकवल्याच्या प्रकरणात राजीनामा द्यावा लागला, ओळ मात्र राहिली.

पण पक्षाचा माणूस पेपरात कसा चालतो?

पेपरात दोन वेगळे कप्पे असतात हे आधी लक्षात घ्यायला हवं. एक बातमीचा, तिथे लिहिणाऱ्याचं मत नको. दुसरा मतांचा, तिथे मतच हवं, पण ते नाव टाकून. न्यूयॉर्क टाइम्सने सप्टेंबर १९७० पासून बाहेरच्या मतांसाठी एक वेगळं पानच सुरू केलं होतं, त्याला ऑप-एड म्हणतात. टाइम्सचे नेहमीचे स्तंभलेखक उदारमतवादी, मालक सल्झबर्गरला एक उजव्या विचारांचा आवाज हवा होता, म्हणून एप्रिल १९७३ पासून सॅफायर.

टायमिंग मात्र भयानक. त्याच महिन्याच्या ३० तारखेला वॉटरगेटमुळे, म्हणजे विरोधी पक्षाच्या ऑफिसातली घरफोडी आणि ती दडपण्याचा जो घोटाळा पुढे निक्सनची खुर्ची घेऊन गेला त्यामुळे, हाल्डमनसकट निक्सनचे दोन सगळ्यात जवळचे लोक गेले. ज्या पेपराच्या ऑफिसात निक्सनवर कोणाचा विश्वास नाही तिथे निक्सनचा माणूस आठवड्याला दोनदा लिहितोय, कुरबूर झालीच. आणि कुरबूर करणारे अगदीच चूक नव्हते, कारण सुरुवातीला सॅफायरने वॉटरगेट खरंच हलक्यात घेतलं, जुन्या साहेबाची बाजू सावरून घेतली. वकिलाने केस बदलली तरी कोट तोच राहतो तसला प्रकार.

म्हणजे आपल्या लोकांना वाचवतच राहिला का?

नाही, आणि इथे गोष्ट रंगतदार होते. १९६९ मध्ये कंबोडियावरच्या छुप्या बॉम्बिंगची बातमी फुटल्यावर निक्सन सरकारने १७ जणांचे फोन टॅप करायला लावले होते, त्यात चार पत्रकार आणि बाकीचे स्वतःच्याच सरकारातले. १९७३ मध्ये सॅफायरला कळलं की त्या यादीत आपणही होतो! ज्याच्यासाठी आपण भाषणं लिहीत होतो तोच आपलं घरचं बोलणं ऐकून घेत होता. त्याने रागारागात लिहिलं, ह्या टॅपिंगमध्ये हात असलेल्या निक्सनच्या सुरक्षा सल्लागार किसिंजरला तर पुढे कितीतरी वर्षं सोडलं नाही, आणि सरकारने नागरिकावर पाळत ठेवणं हा विषय त्याच्या कायमचा डोक्यात बसला.

किती बसला? २००१ नंतर अमेरिकेत दहशतवादाच्या भीतीने सगळे एका सुरात गात होते, सरकार सॅफायरच्याच पक्षाचं, युद्धालाही त्याचा पाठिंबा, तरीही संशयित परदेशी दहशतवाद्यांवर लष्करी न्यायालयांत खटले चालवायच्या आदेशावर त्याने बुश सरकारला फटकारलं. नोव्हेंबर २००२ मध्ये 'टोटल इन्फर्मेशन अवेअरनेस' ह्या योजनेवर लिहिलं, की तुम्ही कार्डावर केलेली खरेदी, घेतलेली औषधं, बघितलेल्या वेबसाइट, पाठवलेले ईमेल सगळं एका सरकारी डेटाबेसमध्ये जाणार आहे आणि तुम्ही प्रत्येक जण संशयित आहात. गदारोळ झाला, पुढच्या वर्षी काँग्रेसने, म्हणजे तिकडच्या संसदेने, त्या योजनेचे पैसे तोडले. आज मोबाइलमध्ये दहा ॲपना सगळी परमिशन देऊन बसलेल्या आपल्यासारख्यांनी तो कॉलम वाचावा असा आहे.

अर्थात डेमोक्रॅट लोकांना झोडपताना त्याचा हात जास्त सैल सुटायचा हे खरंच. १९७७ मध्ये कार्टरचा बजेटप्रमुख बर्ट लान्सच्या बँक व्यवहारांच्या मागे लागला, लान्सला जावं लागलं, सॅफायरला १९७८ चं पुलित्झर, म्हणजे तिकडचं पत्रकारितेचं मानाचं पारितोषिक, मिळालं. नंतर लान्स खटल्यातून सुटला, आणि गंमत म्हणजे पुढे दोघांची दोस्ती झाली. प्रत्येक घोटाळ्याला 'गेट' लावायची जी साथ आली त्यात सॅफायरचा मोठा हात, आणि टीकाकार म्हणायचे की सगळ्यांनाच गेट लावलं की वॉटरगेट लहान दिसतं, हा त्याचा डाव आहे. मला हा आरोप पटतो. १९९२ मध्ये त्याने मत बिल क्लिंटनला दिलं होतं, पण १९९६ मध्ये हिलरी क्लिंटनला जन्मजात खोटारडी म्हणून मोकळा झाला. व्हाइट हाऊसच्या प्रवक्त्याने सांगितलं की क्लिंटन अध्यक्ष नसते तर त्यांनी ह्याचं उत्तर सॅफायरच्या नाकावर दिलं असतं.

आणि सपशेल चुकला कुठे

इराक. ११ सप्टेंबरच्या हल्ल्यातला मोहम्मद अट्टा प्रागमध्ये इराकी गुप्तहेराला भेटला होता, हे सॅफायरने निर्विवाद सत्य असल्यासारखं लिहिलं आणि पुन्हा पुन्हा लिहिलं. २००४ मध्ये चौकशी आयोगाने सांगितलं की अशी भेट झाल्याला पुरावा आधार देत नाही. इथे त्याच्यातला जुना भाषणलेखक नडला असं मला वाटतं. भाषणलेखकाला निकाल आधी दिलेला असतो, युद्ध करायचंय, आता कारणं शोध, आणि शोधलेल्या कारणांतलं सगळ्यात टाळीबाज पुढे ठेव. स्वतःच्या अंगावर आलेल्या विषयात, म्हणजे फोन टॅपिंगमध्ये, त्याने पक्ष बघितला नाही. जिथे बाजू आधीच ठरलेली होती तिथे तो वकीलच राहिला. म्हणून 'पक्षातून आलेला माणूस पत्रकारितेत चालतो का' असं घाऊक विचारण्यापेक्षा ह्या कॉलममध्ये तो माहिती तपासतोय की केस लढतोय, एवढं दर वेळी बघावं लागतं, आणि वाचकाला ते जमतं.

पुस्तकं: कुठून सुरू करायचं

'बिफोर द फॉल' (१९७५) हे निक्सनच्या व्हाइट हाऊसचं आतून केलेलं वर्णन, वॉटरगेटच्या आधीचं. घोटाळा उघड झाल्यावर एका प्रकाशकाने हस्तलिखित परत केलं, कारण निक्सनला नुसता राक्षस न दाखवणारं पुस्तक तेव्हा कोण घेणार, मग डबलडेने काढलं. जाडजूड आहे, पण वर सांगितलेला सोन्याचा वीकेंड त्यात असा आलाय की अभ्यासक अजून त्याचा आधार घेतात. पहिलं हेच घ्या.

कादंबऱ्यांत 'फुल डिस्क्लोजर' (१९७७) मध्ये अध्यक्ष आंधळा होतो आणि खुर्ची सोडायची की नाही ह्यावरून जुंपते, प्रवासात वाचायला मस्त. 'फ्रीडम' (१९८७) ही लिंकनच्या काळावरची हजारपानी कादंबरी, आणि त्याच्या शेवटी त्याने एक वेगळा भाग जोडलाय ज्यात प्रसंगागणिक सांगितलंय की हे खरं, हे मी रचलं, ह्यावर इतिहासकारांत वाद आहे. आपल्याकडच्या ऐतिहासिक कादंबऱ्यांना असा एक भाग असता तर निम्मी भांडणं वाचली असती. 'स्कँडलमाँगर' (२०००) मध्ये जेफरसन-हॅमिल्टनच्या काळातला लफडी छापणारा पत्रकार कॅलेंडर आहे. बाकीच्या कादंबऱ्या नाही वाचल्या तरी चालेल.

राजकारणाशिवाय त्याचं दुसरं सदर 'ऑन लँग्वेज', १९७९ पासून २००९ पर्यंत, फक्त भाषेवर. ह्यात चुका काढणारे वाचक त्याला ढिगाने पत्रं पाठवायचे, तो ती छापायचा, आणि त्यांच्या टोळीला नाव दिलं होतं 'गॉचा गँग', म्हणजे सापडलास-गँग. तिथलाच त्याचा एक आवडता खेळ म्हणजे स्वतःलाच मोडणारे व्याकरणाचे नियम. मराठीत करायचे तर 'इंग्लिश वर्ड्सचा यूज अव्हॉइड करा' किंवा 'एकच गोष्ट पुन्हा पुन्हा परत परत सांगू नका' असे काहीतरी होतील.

आणि राहिला राजकीय शब्दकोश. पहिली आवृत्ती १९६८ ची, म्हणजे व्हाइट हाऊसमध्ये जायच्या आधीची, आणि शेवटची २००८ मध्ये ऑक्सफर्डने काढलेली. प्रत्येक शब्द पहिल्यांदा कोण बोललं, कोणाला बोललं, मग कोणी चोरला, असं सगळं त्यात आहे, सलग वाचायची गरज नाही, कुठलंही पान उघडा. मराठीत असं पुस्तक कोणीतरी मनावर घेऊन करायला पाहिजे, माल भरपूर आहे. 'आयाराम गयाराम' हरियाणातून आलं, 'घोडेबाजार' सगळीकडेच आहे, 'पन्नास खोके' तर अगदी परवाचं, आणि 'पहाटेचा शपथविधी' ह्या एका नोंदीला कमीत कमी चार पानं राखून ठेवावी लागतील.